न विचारता वाढलेलं

आरतीला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय होती आणि हे ती स्वतःच आनंदानं कबूल करायची. शेजारी पाहुणे आले की ते कोण, कशासाठी आले आणि कधी जाणार, हे तिला यजमानांच्या आधी कळलेलं असायचं. बारावीच्या क्लाससाठी ती लातूरला खोली करून राहायला गेली तेव्हा आईला वाटलं होतं, आता तरी पोरगी पुस्तकात डोकं घालील. तिनं घातलंही, पण कान बाहेर ठेवून. अशा या पोरीला गेलं दीड वर्ष एका साध्या प्रश्नाचं उत्तर काही केल्या मिळत नव्हतं. तिचा भाऊ सुदर्शन तिकडं जेवतो कुणासोबत?

तिकडं म्हणजे दिल्लीच्या पलीकडं, एका मोठ्या खासगी विद्यापीठात. शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं त्यांचं गाव, आणि त्या गावातून असल्या ठिकाणी पोचलेला सुदर्शन पहिलाच. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली होती. निकाल लागला तेव्हा गावच्या पारावर फ्लेक्स लागला. त्यावर सुदर्शनचा एक फोटो आणि अभिनंदन करणाऱ्यांचे बावीस. तो फ्लेक्स पुढं शेतशेजारी चन्नबसप्पांच्या कडब्याच्या गंजीवर झाकायला गेला आणि अजून तिथंच आहे.

फोनवर सुदर्शन सगळं सांगायचा. लायब्ररी रात्रभर उघडी असते. मास्तरांना नावानं हाक मारतात. नाटकाच्या मंडळात घ्यायच्या आधीसुद्धा मुलाखत घेतात, वादविवादाच्याही, आणि एकदा तर मांजरांना खाऊ घालणाऱ्या मंडळाचीही मुलाखत झाली म्हणे. आरतीला हे ऐकताना इतकी मजा वाटायची की ती वहीत टिपून ठेवायची. पण तुझ्या शेजारी कोण बसतं, सुट्टीच्या दिवशी कुणासोबत फिरतोस, असं विचारलं की तो म्हणायचा, असतेत की पोरं. यापलीकडं तो ताकास तूर लागू देत नसे.

हे तिला नुसतं गंमत म्हणून हवं नव्हतं. तिलाही तिथंच जायचं होतं. फॉर्मची शेवटची तारीख जानेवारीत होती आणि तिचे वडील हणमंतराव, ज्यांना पोरं आप्पा म्हणत, त्यांनी एकच अट घातली होती. आधी सुदर्शनचं कसं होतंय ते बघू, मग तुझं. म्हणजे तो टिकला तर हिचं दार उघडणार.

डिसेंबरात येळवसच्या, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या वेळ अमावास्येच्या, चार दिवस आधी सुदर्शन घरी आला. आरतीही क्लास बुडवून आली, कारण येळवसला लातूर जिल्ह्यात क्लास लावला तरी शिकवायला मास्तर सापडत नाही. आल्या दिवशीच तिनं भावाची बॅग उघडली. धुवायचे कपडे काढायला उघडली, असं ती अजूनही सांगते. दोन शर्टांच्या मधे तिला एक घडी घातलेला जाड कागद मिळाला. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली सुदर्शनचं नाव. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज होता तो. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, वैयक्तिक. पालकाच्या सहीची जागा मोकळी होती.

आरतीनं कागद होता तसा ठेवून दिला. स्वतःच्या फॉर्मचं आलंच डोक्यात, खोटं कशाला बोला, पण त्याआधी आला तो भाऊ. फ्लेक्सवर इतका हसणारा हा पोरगा कशाला कंटाळून परत निघाला होता? ती कुणाला काही बोलली नाही. तिच्या आयुष्यात तिनं पोटात ठेवलेली ही पहिलीच गोष्ट असावी. येळवस पार पडली की तो आप्पांपुढं कागद ठेवणार, एवढं तिच्या लक्षात आलं. सणाआधी घराचं तोंड कडू करायचं त्याच्या जिवावर आलं असणार.

मग एक दिवस भज्जीसाठी, म्हणजे येळवसच्या मिसळीच्या आंबट भाजीसाठी, तुरीच्या शेंगा सोलत सगळे बसले होते. आईनं, म्हणजे सिंधूबाईंनी, लेकाला विचारलं, तुझे दोस्त दाखव की. सुदर्शननं फोन पुढं केला. कसल्याशा कार्यक्रमाचा फोटो होता, दहाबारा जणांचा. ही उर्वी, हा अनिमेष, असं बोट फिरवत तो सांगत गेला. अनिमेष कुठला, असं आईनं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, नांदेडचा.

झालं. सिंधूबाईंचे हात थांबले. नांदेडचा पोरगा, लेकाचा दोस्त, आणि येळवसला त्याला शेतात बोलवायचं नाही? हे त्यांच्या हिशोबात बसणारं नव्हतं. येळवसला लातूरचे रस्ते ओस पडतात ते उगाच नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. साहेब, शिपाई, कंडक्टर, शेजारी, कुणीही कुणाच्याही शेतातल्या कोपीत, कडब्याच्या खोपटात, जाऊन बसतो आणि जेवून उठतो. सुदर्शन म्हणाला, तो यायचा न्हाई. आई म्हणाली, फोन तर लाव. तो म्हणाला, नंबर जुन्या फोनमधी राहिलाय.

आरतीनं वर पाहिलं. एका मेसमध्ये दीड वर्ष जेवणाऱ्या दोस्ताचा नंबर नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. तिनं फोटो परत नीट पाहिला. सुदर्शन अगदी कडेला होता, आणि त्याच्या खांद्यावर कुणाचाच हात नव्हता.

नंबर मिळवायला तिला दोन फोन पुरले. तिचे रसायनशास्त्राचे सर नांदेडला शिकलेले. दिल्लीकडं शिकणारा नांदेडचा अनिमेष, एवढं सांगताच त्यांनी ओळखलं; त्याचे वडील रेणुकादास सर त्यांचेच प्राध्यापक निघाले. तिनं अनिमेषला फोन केला, सुदर्शनची बहीण म्हणून ओळख सांगितली आणि शेताला यायचं आमंत्रण दिलं. त्यानं आधी तिचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग त्यानं विचारलं, “सुदर्शननं बोलावलंय?”

“हाव,” आरतीनं सरळ खोटं सांगितलं.

“येतो,” तो म्हणाला.

आदल्या संध्याकाळी तिनं भावाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तुला कुणी सांगितलं होतं, एवढंच तो म्हणाला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठून गोठ्याकडं गेला आणि गाईच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिला.

येळवसच्या सकाळी सगळं घर शेतात होतं. आप्पांनी कडब्याची कोप बांधली होती. तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा झाली, पिकाभोवती ताकातली ज्वारीची आंबील शिंपडून झाली. ज्वारी पोटऱ्यात आली होती, हरभरा हिरवागार होता, बांधाबांधावरून लोक एकमेकांना हाका मारत होते. आरतीनं निघायच्या आधी भावाच्या बॅगेत हळूच हात घातला होता. कागद तिथं नव्हता. आता तो तिला त्याच्या शर्टाच्या खिशात दिसत होता, टोक थोडं वर आलेला, शेजारी पेन. येळवसला आप्पा खुशीत असतात आणि पोरांना नाही म्हणत नाहीत, हे तिला माहीत होतं तसं त्यालाही होतं. आज जेवणं झाली की तो सही घेणार.

अकराच्या सुमारास अनिमेष आला. वडिलांची जुनी गाडी रस्त्याला लावली, हातात मिठाईचा पुडा, अंगात विद्यापीठाचं जाकीट. सुदर्शन त्याला आणायला रस्त्यापर्यंत गेला. तिथं दोघं थोडा वेळ काहीतरी बोलले, ते आरतीला ऐकू आलं नाही आणि याची तिला फार हळहळ वाटली. मग सुदर्शन पुढं चालत आला, आणि अनिमेष मात्र बांधावरच थांबला. कुणी खाली बोलावेल याची वाट पाहत तो तिथं पुडा धरून उभा होता.

“अरे लेकरा, तिथं कामून उभा राहिलास?” सिंधूबाई कोपीतूनच म्हणाल्या. “ये की खाली. येळवसला कुणी बोलवायची वाट बघत असतेत का?”

जेवणाला वेळ होता. पाहुण्याला चार शेतं दाखवून आणा, असं आप्पांनी सांगितलं. सुदर्शन काटक्या आणतो म्हणून निसटला, तेव्हा हे काम आरतीच्या वाट्याला आलं आणि तिला तेच हवं होतं. पहिलं शेत चन्नबसप्पांचं. त्यांच्या मंडळींनी, गुरम्मांनी, अनिमेषचं नावगाव विचारायच्या आधी त्याच्या हातात आंबिलीचा तांब्या दिला. पुढच्या शेतात बाजरीचे उकडलेले उंडे, त्याच्या पुढच्या शेतात तिळाची पोळी. तो प्रत्येक ठिकाणी नको म्हणायचा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या हातात काहीतरी असायचं. कुणाचा पोरगा, असं विचारलं की तो सांगायचा, नांदेडच्या रेणुकादास सरांचा. तिसऱ्या शेतानंतर तो आरतीला म्हणाला की हे वाक्य आपण दीड वर्षात उच्चारलेलं नाही.

मग काय, आरतीनं दोरा धरला आणि ओढत गेली. तिथं तू कुठला म्हणून सांगतोस? हैदराबाद, तो म्हणाला. नांदेड म्हटलं की पुढं आणखी तीन प्रश्न येतात. मेसमध्ये कुठं बसतोस? खिडकीजवळ एक लांब टेबल आहे, तिथं. ते कुणाचं आहे? कुणाचंच नाही, पाटी वगैरे काही नाही, पण बोलावल्याशिवाय तिथं कुणी बसत नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यालाही ते बघून बघून कळलं. पहिले अकरा दिवस तो खोलीत बिस्किटं खाऊन राहिला. मग एका प्रश्नमंजूषेत त्यानं उत्तर बरोबर दिलं आणि उर्वी म्हणाली, ये आमच्यात. तेव्हापासून तो रोज वेळेवर जातो. एखाद्या दिवशी गेलो नाही तर माझी खुर्ची राहील की जाईल हे मला अजून माहीत नाही, असं तो हसत म्हणाला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

आरतीला हे सगळं विलक्षण वाटत होतं. इतक्या हुशार पोरांना जेवायला बसायची इतकी धास्ती? तिनं शेवटचा प्रश्न विचारला. आणि आमचा भैय्या? तो त्या टेबलावर असतो का?

अनिमेषनं तांब्यातली उरलेली आंबील पिऊन टाकली आणि म्हणाला, चल, तुझी आई वाट बघत असेल.

कोपीपुढं पंगत बसली. आप्पा, चन्नबसप्पा, आणखी दोनतीन माणसं आणि मधे अनिमेष. गुरम्माही आपल्या घरचं पातेलं घेऊन आल्या. बाजरीची भाकरी, आंबट भज्जी, खीर, आणि सिंधूबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी, जी गावात प्रसिद्ध होती. वाढायला सुदर्शन उठला. घरात वाढायचं काम पहिल्यापासून त्याचंच. त्याच्या हाताखाली कुणी ताटावर पंजा आडवा धरला तर तो बोटांवरच वाढायचा. पाहुणे ओरडायचे आणि खूश व्हायचे.

आज तो हळू चालत होता. आप्पांना वाढलं, चन्नबसप्पांना वाढलं आणि अनिमेषपाशी येऊन तो थांबला. भज्जीची पळी हवेत राहिली.

“वाढू का थोडी? हवीय का?” त्यानं विचारलं.

आरतीला ते ऐकून कसंतरीच झालं. भावाला तिनं आजवर कधी, कुणालाच, असं विचारताना ऐकलं नव्हतं. दीड वर्षात तिकडं त्यानं काय काय शिकून घेतलं कोण जाणे, पण हे एक नक्की शिकला होता.

सिंधूबाईंनाही खटकलं. “असं विचारून वाढत असतेत का पाहुण्याला? वाढ की.” मग त्या अनिमेषकडं वळल्या आणि गेले दीड वर्ष त्यांच्या मनात जे होतं ते त्यांनी विचारून टाकलं. “आमचा सुदर्शन तिथं पोटभर जेवतो का रे? तुम्ही सोबतच बसत असाल न्हाई का?”

सुदर्शननं मान खाली घातली. त्याच्या खिशातला कागद आणखी थोडा वर आला होता. अनिमेष हो म्हणाला असता तर सगळं निभावून गेलं असतं. जेवणं झाली असती, हात धुऊन आप्पांनी पेन धरलं असतं.

“नाही काकू,” अनिमेष म्हणाला. “पहिल्या वर्षी, ऑगस्टमध्ये, हा ताट घेऊन आमच्या टेबलापाशी आला आणि बसला. डबा उघडून तुमची ही चटणी सगळ्यांच्या ताटात वाढायला लागला. कुणालाच न विचारता. हा काय करतोय ते तिथं कुणाला कळेना. मला कळत होतं. त्या टेबलावर एकट्या मला कळत होतं, आणि मी ताट मागं ओढलं.”

गुरम्मांना सगळं उमगलं नसावं, पण ताट मागं ओढलं एवढं समजलं आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. जेवायला बसलेल्या माणसानं वाढणाऱ्यासमोरून ताट ओढायचं, हे त्यांच्या पाहण्यातलं नव्हतं.

आप्पांनी घास खाली ठेवला आणि लेकाला विचारलं, “मग तू कुठं जेवून राहिलास इतके दिवस?”

“तीनला जातो,” सुदर्शन म्हणाला. “तवा मेस रिकामी असते.”

आरतीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ज्या उत्तरासाठी ती दीड वर्ष त्याच्या मागं लागली होती ते एवढंच होतं, आणि आता तिला वाटलं, मिळालं नसतं तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांपुढं ती मोठी रिकामी मेस आली आणि एका कडेला जेवणारा भाऊ. सिंधूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं. आता ह्या पोराला त्या काय बोलतात म्हणून सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. अनिमेषही बघत होता, शिव्या खायची तयारी करून आल्यासारखा.

“मग आता पुढं कर,” सिंधूबाई म्हणाल्या.

अनिमेषनं ताट दोन्ही हातांनी उचलून पुढं केलं. सुदर्शननं त्या ताटाकडं पाहिलं. मग त्यानं पळी बुडवली आणि भज्जी वाढली, वर आणखी एक पळी, शेजारी चटणीचा ढीग, अर्धी भाकरी. अनिमेष बस म्हणाला, पुन्हा बस म्हणाला, तेव्हा त्याच्या बोटांवर भज्जी पडली. चन्नबसप्पा हसले आणि पंगत पुन्हा जेवायला लागली. अनिमेषनं ताट चाटून पुसून स्वच्छ केलं, आणि त्या चटणीच्या तिखटानं त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळंच तिखटानं वाहत होतं असं आरतीला वाटलं नाही.

ऊन उतरायला लागलं तशी अनिमेषनं निघायची तयारी केली. रिकाम्या हातानं जाऊ देणाऱ्यांतल्या सिंधूबाई नव्हत्या. त्यांनी तिळाच्या पोळ्यांची चळत काढली. पंधरा दिवस टिकतील, तिकडं घेऊन जा, म्हणाल्या. बांधायला काही सापडेना. मिठाईच्या पुड्याचा कागद पोरांनी केव्हाच फाडला होता.

“जाड कागद हाय का रे कुणाकडं?” त्यांनी विचारलं.

सुदर्शननं खिशात हात घातला. घडी काढली, उलगडली आणि आईच्या हातात दिली. वरचं बोधचिन्ह अनिमेषनं ओळखलं. मथळाही त्यानं वाचला असणार, कारण तो एकदम सुदर्शनकडं बघायला लागला. सिंधूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. कागद चांगला हाय, म्हणाल्या आणि सात पोळ्या त्यात गुंडाळल्या. तेल सुटून सहीच्या मोकळ्या जागी डाग पसरला. असला अर्ज काय, दुसरा छापता येतो, हे आरतीलाही कळत होतं. पण पेन त्यानं आप्पांना दिलं नाही, आणि तिला तेवढं पुरलं.

“तिकडं गेल्यावर दुपारी एकला मेसला येतो मी,” सुदर्शन अनिमेषला म्हणाला. “त्या टेबलावर न्हाई. दाराजवळ पंख्याखाली एक हाय, तिथं बसणार. पोळ्या घेऊन यायचं असंल तर ये.”

“उर्वीला आणलं तर चालेल?” अनिमेषनं विचारलं.

“विचारू नको. आण.”

गाडी रस्त्याला लागली. बहीणभाऊ बांधावर उभे राहून तिच्यामागची धूळ बघत होते. आरतीला आता राहवेना. एक खोटं तिच्या मनाला टोचत होतं आणि ते आजच सांगून टाकावं असं तिला वाटलं.

“भैय्या, मी त्याला फोनवर सांगितलं होतं, तू बोलावलंस म्हणून.”

“माहीत हाय,” सुदर्शन म्हणाला. “गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं पहिलं तेच विचारलं. खरंच तू बोलावलंस का म्हणून.”

“मग तू काय म्हणलास?”

सुदर्शननं बांधावर ठेवलेलं रिकामं पातेलं उचलून तिच्या हातात दिलं आणि कोपीकडं चालायला लागला.

“हाव म्हणलो,” तो म्हणाला.